रुख्माबाईच्या सांदवाडीतल्या गिन्या

कामठ्याच्या रुख्माबाईचा विश्वास दोनच गोष्टींवर होता. एक तिचे स्वतःचे डोळे आणि दुसरं दाराचं कुलूप. त्यातही कुलपाचा नंबर दुसरा, कारण लावून झालं तरी ती ते ओढून पाहायची, चार पावलं जाऊन परत यायची आणि पुन्हा ओढायची. रेशनच्या दुकानात तांदूळ मोजायला घेतला की सगळ्या बाया काटा बघत, ही दुकानदाराचा अंगठा बघे. बसमध्ये कंडक्टरने तिकीट दिलं की शेजारणीचं तिकीट मागून घेऊन दोन्ही जवळजवळ धरी. संध्याकाळी अंगण झाडलं की त्यावर कोणाला पाय ठेवू देत नसे, म्हणजे सकाळी कोणाचं पाऊल उमटलं ते कळावं. ही बाई पोलिसात हवी होती, असं गावात लोक म्हणत. तिचा नवरा उदाराम मात्र मान हलवायचा.

"पोलिसात गेली असती त पयले ठानेदारालेच पकडलं असतं इनं," तो म्हणे.

उदारामाची धानाची शेती होती आणि स्वभाव गरीब होता. मुलगा चंद्रकुमार गोंदियाला एका राइस मिलमध्ये हिशेबाला होता. रोज मोटरसायकलने जायचा, रोज यायचा आणि यायला उशीर झाला की म्हणायचा, गोंदियातच एक कमरा घेऊन टाकतो. त्याच्या या एका वाक्याने रुख्माबाईची रात्रीची झोप उडायची. कारण कमरा घेतला की मुलगा जाणार आणि मुलाबरोबर सून जाणार. खरं सांगायचं तर मुलाचं तिला एवढं वाटत नव्हतं. तो तसाही घरी फक्त झोपायला यायचा. तिला वाटत होतं ते सुनेचं.

सून दुर्गेश्वरी देवरीकडची. बोलायला कमी, हसायला पुढे, आणि कामाला चांगली. रुख्माबाईला मुलगी नव्हती. ही पोरगी घरात आली तेव्हापासून दुपारी कोणीतरी आपल्या शेजारी बसून तांदूळ निवडतं, मध्येच काहीतरी ऐकून खुदकन हसतं, याची तिला सवय लागली होती आणि ती सवय सुटायच्या कल्पनेनेच तिचा जीव घाबरत होता. गोंदियाच्या कमऱ्याबद्दल दुर्गेश्वरी हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. नाही म्हणाली असती तर रुख्माबाईला झोप लागली असती. हो म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं. ती काहीच बोलत नाही म्हटल्यावर रुख्माबाई तिचं सगळंच वाचायला लागली. ती फोनवर बोलायला घरामागे का जाते, पेटी का उघडते, नवीन डबे कशाला घेतले. शंकेची पाल एकदा चुकचुकायला लागली की तिला दिवस काय आणि रात्र काय.

अशात भाऊबीज झाली आणि दुर्गेश्वरी माहेराहून परत आली ती पाच गिन्या कोंबड्या घेऊन.

बांबूच्या डाल्यात घालून, वर फडकं बांधून, बसमधून आणल्या होत्या. फडकं सोडलं तेव्हा शेजारची सुशिलाबाई कुंपणावरून वाकून बघत होती. राखी अंगावर पांढरे ठिपके, पाठ कुबड काढल्यासारखी, डोकं टकलं, गालाला लाल लोळ्या. त्या बाहेर येताच एकसाथ असं काही कर्रकर्र ओरडल्या की रुख्माबाईचा कोंबडा खाटेखाली गेला.

"बापा! कोंबडी हाय का मोर हाय व?" सुशिलाबाईने विचारलं.

"गिनी हाय," दुर्गेश्वरी म्हणाली. "दादानं देल्ल्या. सांदवाडीत साप येऊ देत नाई. कोनी परका मानूस आला का वरडून वरडून, हल्ला करून गाव उठवतेत."

"हल्ला करायले मी हाव ना घरी," रुख्माबाई म्हणाली. "आनखीन पाच कायले पायजे?"

सुशिलाबाई हसली, दुर्गेश्वरीही हसली. रुख्माबाई हसली नाही. ती विचार करत होती. माहेरच्या माणसाने जिवंत पाच पाखरं फुकट कशाला द्यावीत? त्यात ह्या गिन्या अंडी आता देत नाहीत म्हणे, उन्हाळा लागला की देतात. म्हणजे तोवर खाणार आपलंच.

घरामागच्या परसाला इकडे सांदवाडी म्हणतात. रुख्माबाईच्या सांदवाडीत तुरीच्या दोन ओळी, एक चिंच, तणसाची म्हणजे धानाच्या पेंढ्याची गंजी, जुना गोठा आणि तिच्या कोंबड्या. कोंबड्यांचं तिचं शास्त्र पक्कं होतं. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची ती विषम, टोपलीत कोळशाचा तुकडा टाकायचा म्हणजे वीज कडाडली तरी अंडी नासत नाहीत, आणि ठेवलेल्या अंड्यांवर कोळशानेच रेघ मारायची म्हणजे कोणी बदलली तर कळतं. हा शेवटचा नियम तिचा स्वतःचा होता.

दुर्गेश्वरीने मात्र नवीनच शास्त्र काढलं. तळ्यावरच्या ढिवराकडून मासोळीची फाटकी जाळी मागून आणली आणि गोठ्यात मधोमध बांधली. एका बाजूला गिन्या, दुसऱ्या बाजूला रात्री कोंडलेल्या कोंबड्या.

"महिनाभर अशाच कोंडून ठेवा लागते, मामी," ती सासूला म्हणाली. सासूला मामी म्हणायची त्यांच्याकडची रीत होती. "एकमेकाले पायतीन, वरखतीन. घर कोनतं ते समजन. मंग सोडाचं. आताच सोडल्या त एक त उडून जातीन, नाई त कोंबड्यायले मारतीन."

"महिनाभर?"

"हो ना. दादा तसाच करते."

रुख्माबाईने जाळीकडे बघितलं आणि तिच्या मनात जे आलं ते वाईट होतं. एकाच गोठ्यात सासूच्या कोंबड्या इकडे, सुनेच्या गिन्या तिकडे, आणि मध्ये जाळी. वेगळं निघणारी बाई आधी काय करते? स्वतःचं म्हणून काहीतरी जमवते. आज गोठ्यात जाळी बांधली, उद्या चुलीला बांधील आणि परवा पाचही गिन्या डाल्यात घालून गोंदियाला. रुख्माबाईला तो डाला मोटरसायकलच्या मागे बांधलेला अगदी डोळ्यांसमोर दिसला.

मग तिने ठरवलं की ह्या गिन्याच राहू द्यायच्या नाहीत.

धान कापणी चालू होती. एका दुपारी दुर्गेश्वरी उदारामाबरोबर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पेंढ्या उचलायला गेली. रुख्माबाई गोठ्यात गेली, जाळीची गाठ सोडली, दार उघडलं आणि काठी आपटली. गिन्या ओरडत बाहेर पडल्या आणि थेट चिंचेवर. आता जातील देवरीला उडत, असं म्हणून तिने हात झटकले आणि घरात येऊन तांदूळ निवडायला बसली. एकटीनेच.

पण गिन्या कुठे गेल्या नाहीत. दुर्गेश्वरी आली, तिने सुपात दाणे घेऊन हाका मारल्या, तेव्हा त्या खाली उतरल्या, दाणे खाल्ले आणि पुन्हा झाडावर बसल्या. गोठ्यात शिरायला तयार होईनात.

"जारी कशी सुटली?" दुर्गेश्वरीने विचारलं.

"मांजरीनं वढली असन," रुख्माबाई म्हणाली.

दुर्गेश्वरीने जाळीची गाठ हातात घेऊन बघितली. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही, आणि रुख्माबाईला वाटलं, चला, पोरीला पटलं.

त्यानंतर सांदवाडीत राज्य गिन्यांचं झालं. सकाळी चिंचेवरून उतरायच्या आणि पाचही एकत्र, रांगेने, सगळ्या परसाची पाहणी करायच्या. पोस्टमन आला, ओरड. पलीकडच्या केशोरावाची म्हैस आली, ओरड. चंद्रकुमारने लाल शर्ट घातला तरी ओरड. गावातली पोरं म्हणायला लागली, रुख्माआजीला साथीदार मिळाले. हे तिच्या कानावर आलं आणि तिला अतिशय राग आला.

आणि मग अंडी गायब व्हायला लागली.

रुख्माबाईच्या कोंबड्या पडवीत तणस घातलेल्या टोपल्यांत अंडी घालत. आता टोपल्या रिकाम्या. एक दिवस, दुसरा दिवस, आठवडा. लाली घालेना, भुरी घालेना, उघड्या मानेची मानमोडी तर वर्षभर न चुकणारी, तीही घालेना. आधी तिला वाटलं गिन्या पितात. पण टरफल कुठेच नाही. साप म्हणावा तर थंडी पडायला लागलेली. मुंगूस म्हणावं तर पिसं नाहीत. मग उरतो माणूस. माणूस म्हटलं की रुख्माबाईला बरं वाटायचं, कारण माणसाला पकडता येतं.

सुशिलाबाईवर तिने दोन दिवस पाळत ठेवली. सुशिलाबाई निर्दोष नव्हती, तिने तुरीच्या शेंगा तोडल्याच, पण अंड्यांकडे फिरकली नाही. मग रुख्माबाईच्या मनात ते आलं जे आधीपासूनच दाराशी उभं होतं. देवरीकडे मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, जवळ आली होती. मंडईला पोरी माहेरी जातात, दुर्गेश्वरीही जाणार होती. सकाळी सगळ्यांत आधी उठून पडवी झाडते कोण? दुर्गेश्वरी. घरामागे जाऊन फोनवर बोलते कोण? दुर्गेश्वरी. अंडी विकून कमऱ्याची सोय चालली आहे.

आता यात एक गंमत अशी की या दिवसांत पाचही गिन्या तिच्या कोंबड्यांना सांदवाडीभर पळवत होत्या. भुरी टोपलीत बसायला गेली की एक गिनी तिची शेपटी ओढायची. मानमोडीला तर पडवीची पायरी चढू देत नव्हत्या. हे तिला दिसत होतं, ती गिन्यांना शिव्याही देत होती. पण माणसांवर नजर ठेवणाऱ्याचं कोंबड्यांकडे डोकं चालत नाही.

लेकी बोले सुने लागे, असं करावं तर तिला लेक नव्हती. म्हणून ती कोंबड्यांशी बोलायची, जरा मोठ्याने. "काऊन व लाले, आमचं खातेस अना अंडे माहेराले धाडतेस का?" दुर्गेश्वरी चुलीपाशी ऐकायची. तिचं हसणं कमी झालं. ते कमी झालं हे रुख्माबाईने टिपलं आणि तेही पुराव्यात जमा केलं. चोराच्या मनात चांदणं, तिने स्वतःला सांगितलं.

शेवटी ती बकारामकडे गेली. बकाराम म्हातारा तांदूळ चारायचा. घरात काही हरवलं की त्याला बोलवायचं. तो तांदूळ देवाजवळ ठेवणार, काही पुटपुटणार आणि मग घरातल्या प्रत्येकाने चिमूटभर कोरडा तांदूळ चावून पळसाच्या पानावर थुंकायचा. ज्याच्या तांदळाचं ओलं पीठ झालं तो सुटला, ज्याच्या तोंडात तो कोरडाच राहिला तो चोर. भीतीने तोंड सुकतं, एवढीच त्यातली विद्या. या रीतीचा रुख्माबाईला एक मोठा आधार वाटला. कोणाचं नाव घ्यावं लागत नाही.

रविवारी सकाळी बकाराम आला. चंद्रकुमारला सुट्टी होती. सुशिलाबाईला मुद्दाम बोलावलं, म्हणजे सगळं तिच्यासाठीच चाललंय असं दिसावं. पण दुर्गेश्वरीने पळसाची पानं मांडलेली बघितली, सासूकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ओळीत येऊन बसली.

उदारामाने चावला आणि थुंकला. पीठ. सुशिलाबाईने थुंकला. पीठ, पण तोंडातल्या खर्ऱ्याच्या तंबाखूने तांबडं. चंद्रकुमारने कपाळाला आठ्या घालून थुंकला. पीठ. मग दुर्गेश्वरीने चिमूट तोंडात टाकली. ती सावकाश चावत होती, सासूवरची नजर न काढता. तेव्हा रुख्माबाईच्या अंगावर काटा आला. हिच्या तोंडातून कोरडा तांदूळ पडला तर? मग आज संध्याकाळीच दोघं जाणार. मग घरात आपण आणि हा मुका उदाराम. आपण हे काय आरंभलं?

दुर्गेश्वरीने पानावर थुंकला. पांढरं शुभ्र, ओलं पीठ.

रुख्माबाईने सुटकेचा श्वास टाकला आणि घाईघाईने आपली चिमूट चावली. घरच्या बाईनेही चावायचा, तशी रीतच होती. चावली, फिरवली, पानावर टाकली. तांदळाचे दाणे पानावर टपटप पडले. कोरडे ठणठणीत.

बकारामने पान उचलून डोळ्यांजवळ नेलं.

"बाई," तो चाचरत म्हणाला, "तुहाच कोरडा हाय."

सुशिलाबाई एवढी हसली की तिला खोकला आला. चंद्रकुमार उठून उभा राहिला.

"माय, तू हिले तांदूर चारले? हिले? उद्याच गोंदियाले कमरा पायतो मी!"

तेवढ्यात मागच्या तणसाच्या गंजीतून मानमोडी बाहेर आली. अंडं घातलेली कोंबडी जशी सगळ्या जगाला सांगत येते, तशी ओरडत आली. दोन पावलं टाकली नाहीत तोच एक गिनी मान लांब करून तिच्यावर धावली आणि मानमोडी पुन्हा गंजीत घुसली. उदाराम उठला. त्याने त्या भोकात कोपरापर्यंत हात घातला आणि अंडी काढायला लागला. एकामागून एक काढतच राहिला, शेवटी त्याला डोक्याचा दुपट्टा पसरावा लागला.

"याच्यासाठीच म्हनलं होतं मी," दुर्गेश्वरी हळूच म्हणाली. "महिनाभर जारीतून सोडू नोका. एकमेकाची वरख नाई झाली त कोंबड्यायले टोपलीवर बसू देत नाई त्या."

"म्हंजे जारी ज्यानं सोडली त्यानंच अंडे लपवले," बकाराम दाढी कुरवाळत म्हणाला. "तांदूर कदी चुकत नाई बरं." आणि आपलं तांदळाचं सूप उचलून तो ऐटीत निघून गेला.

तांदळाला खरंच काही कळतं का, ते बकारामलाच ठाऊक. पण रुख्माबाई त्या दिवशी कोणाच्याही नजरेला नजर देऊ शकली नाही. तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गेश्वरी मंडईला निघाली. भावाला तिने घ्यायला येऊ नको म्हणून कळवलं होतं, आमगाववरून देवरीची बस ती एकटीच धरणार होती. रुख्माबाई खोलीच्या दारात गेली. दुर्गेश्वरीने तिला बघितलं, आणि भरलेल्या बॅगची चेन उघडली. एक लुगडं काढून खाटेवर ठेवलं. मग दुसरं. मग पोलकं, मग आईसाठी घेतलेली बांगड्यांची डबी.

"पाहून घ्या, मामी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच तर रुख्माबाईला लागलं.

रुख्माबाईची स्वतःची सासू असंच करायची. रुख्मा सौंदडला माहेरी निघाली की सासू तिला ओटीवर, येणाऱ्याजाणाऱ्या माणसांसमोर, गाठोडं सोडायला लावायची. एकदा तिने सगळं खाली ओतलं होतं, आतले कपडेसुद्धा, आणि काही सापडलं नाही तरी उचलून दिलं नव्हतं. गोंदियापासून सौंदडच्या स्टेशनपर्यंत रुख्मा गाडीत तोंडाला पदर लावून बसली होती. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या सुनेच्या गाठोड्याला मी कधी हात लावणार नाही. आणि खरंच लावला नव्हता. फक्त तांदूळ चारले होते.

तिने पुढे होऊन लुगडी उचलली आणि बॅगेत कोंबायला लागली. घाईत ती नीट बसेनात.

"बंद कर व ते. मले नोको दाखवू," ती म्हणाली. "माह्यं चुकलं, दुर्गे. जारी मीच सोडली होती."

"माईत हाय मले. मांजरीले गाठ सोडता येते का?"

"मंग तवाच काऊन नाई बोल्ली?"

"बोल्ली असती त तुमाले वाटलं असतं, भांडन काढून गोंदियाले जाऊन राहिली. मले जाचं नाई गोंदियाले. जाचं असतं त महिनाभर कोंडून ठेवाचे पाखरं कायले आनले असते?"

रुख्माबाईला हे एवढं सोपं कधी सुचलं नव्हतं. ती खाटेवर बसली आणि रडली. दुर्गेश्वरीने तिला रडू दिलं, समजूत घातली नाही. लुगड्यांच्या घड्या मोडल्या होत्या, त्या पुन्हा घातल्या.

"चंदू तुले येऊ देईन का वापस?" रुख्माबाईने डोळे पुसत विचारलं.

"त्यायचं मी पायतो. पन आता कोनाले तांदूर चारले त मी मंग खरंच जाईन, सांगून ठेवतो."

"नाई चारत."

"गिन्यायले रात्री झाडावरून उतरवून कोंडलं मी, मामाजी होते संगं. आता पुन्हा महिना पयल्यापासून. त्या हल्ला करतीन, कोनी काई म्हनन, तरी सोडू नोका."

रुख्माबाईने मान हलवली. बॅग तिनेच उचलली आणि सुनेला हात लावू न देता फाट्यापर्यंत नेली. वाटेत केशोराव भेटला, त्याने कुठं निघाली सून म्हणून विचारलं, तर तिने त्याला सरळ उत्तर दिलं, उलट प्रश्न न विचारता.

बस आली. दुर्गेश्वरी चढली, खिडकीपाशी बसली आणि बाहेर बघून म्हणाली, "मंडई झाली का येतो मी, मामी."

"खरंच का?" हे रुख्माबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. साठ वर्षांत असं ओठावर आलेलं तिने एकदाही आवरलं नव्हतं. बस हलली तशी ती दोन पावलं बरोबर चालली, ते दोन शब्द गिळले आणि म्हणाली, "ये."